दाराचे मार्क

भारद्वाज नावाची एक मोटारगाडी मुंबईच्या रस्त्यांवर धावत असे, हे आज कुणाला सांगितलं तर तो आधी आपल्या तोंडाकडे बघतो आणि मग विषय बदलतो. ललिताबाई वागळ्यांची नातवंडं तर सरळ म्हणतात, "आजी, भारद्वाज पक्षी असतो." पक्षी असतो हे ललिताबाईंना त्यांच्या आधीपासून ठाऊक आहे. पण गाडीही होती. अंग काळं कुळकुळीत, दोन्ही बाजूंचे पत्रे पंखांसारखे तांबूस, पुढे दोन माणसं, मागे दीड. गिरगावच्या रस्त्यावर ती दिसली की पोरं ओरडायची, "आला, भारद्वाज आला!" आणि परीक्षेला किंवा कोर्टात निघालेली शहाणीसुरती माणसंसुद्धा थांबून तिच्याकडे बघून घ्यायची. भारद्वाज दिसला की काम होतं म्हणतात. पेट्रोलवर चालणाऱ्या भारद्वाजालाही हा गुण लागू होतो का, असा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही.

कुजकट माणसं तेव्हाही होतीच. ज्यांच्या दारात मोठ्या विलायती गाड्या उभ्या असत, ते तिला 'कुंभारकावळा' म्हणत. तेही त्याच पक्ष्याचं नाव, पण म्हणणाऱ्याचं नाक वर असायचं. ललिताबाईंच्या कानावर तो शब्द पडला की त्यांच्या डोक्यात तिडीक जायची, कारण ती गाडी त्यांच्या सख्ख्या भावाने केलेली होती. बाबुराव केरकर. माझगावात गोदीच्या भिंतीला लागून एक पत्र्याची शेड, हाताखाली मोजकी माणसं, विलायतेहून मागवलेली छोटी इंजिनं, आणि बाकी सगळं इथलं. जेमतेम तीसएक गाड्या निघाल्या. पुढे परवान्याचं घोडं दिल्लीत अडलं ते अडलंच, आणि शेडला कुलूप लागलं. शेवटच्या गाड्यांची दारं मात्र अशी घट्ट बसायची की मालक येणाऱ्याजाणाऱ्याला मुद्दाम उघडून-लावून दाखवत. पण ते नंतरचं.

ते दिवस आठवले की ललिताबाईंना अजूनही अंगात बळ आल्यासारखं वाटतं. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. भिंती चुन्याच्या घोषणांनी भरलेल्या, आज नरे पार्कला सभा तर उद्या शिवाजी पार्कला. गोळीबारात गेलेल्या पोरांची नावं घराघरांत अजून हळू आवाजात निघत. द्वैभाषिक राज्य गळ्यात मारलं होतं आणि ते कुणाच्या घशाखाली उतरत नव्हतं. सगळं आपलं हवं होतं. राज्य आपलं हवं, मुंबई आपली हवी, इतकंच काय, दंतमंजनही मराठी माणसाचंच हवं. दात काळे पडले तरी चालतील. अशा दिवसांत एका मराठी माणसाने माझगावात बसून मोटारगाडी केली म्हटल्यावर लोकांनी तिला डोक्यावर घेतलं नसतं तरच नवल.

ललिताबाईंचे यजमान डॉक्टर रघुवीर वागळे. राहायला गिरगावात, दवाखाना लालबागला. रोग्यांची नाडी बघता बघता त्यांची गाऱ्हाणी ऐकायची, औषधाचे पैसे मागायला विसरायचं आणि घरी येऊन मुकाट जेवायचं, असा माणूस. मेव्हण्याने गाडी केल्यावर आपण ट्रामने जाणं बरं दिसत नाही, एवढंच ते म्हणाले आणि पहिल्या खेपेतली एक गाडी त्यांनी घेतली. ललिताबाईंनी तिला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. मग नवऱ्याच्या डाव्या बाजूला बसून त्या थाटात निघाल्या. अख्खी चाळ गॅलरीत उभी होती.

लालबागच्या नाक्यावर डॉक्टरांनी गाडी उजवीकडे वळवली आणि डावीकडचं दार आपसूक उघडलं. ललिताबाई अर्ध्या बाहेर गेल्या. हाताला दाराचा दांडा लागला म्हणून वाचल्या. त्यांनी दार ओढून घेतलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"काय झालं गं?" डॉक्टरांनी समोर बघतच विचारलं.

"काही नाही. पदर अडकला होता."

का बोलल्या असं, ते त्यांनाही पटकन सांगता आलं नसतं. पण माहेरच्या गोष्टीला सासरच्या माणसासमोर उणं म्हणायचं नाही, हे मुलीला कुणी शिकवावं लागत नाही. माहेरहून आलेला लाडू कडक झाला असला तर ती तो दाताखाली न आणता गिळते. ही तर गाडी होती. त्यातून दादाची गाडी.

डॉक्टर काही आंधळे नव्हते. आठवड्याभरात त्यांनी सगळं ओळखलं. एक दिवस ललिताबाई खाली आल्या तर दाराच्या दांड्याला त्यांच्याच एका जुन्या लुगड्याच्या काठाचा पट्टा बांधलेला होता, हात अडकवायला सोयीचा. डॉक्टर अवाक्षर बोलले नाहीत. आपण दाराबद्दल बोललो तर बायकोला तो माहेरावरून मारलेला टोमणा वाटेल, हे त्यांचं गणित. ललिताबाईंनीही पट्टा बघितला, हात अडकवला आणि समोरच्या ट्रामबद्दल काहीतरी बोलल्या. तेव्हापासून त्या गाडीत बसल्या की बोलायच्या, हसायच्या, पण डाव्या हाताची मूठ कधी सुटायची नाही. संध्याकाळी कोपरापर्यंत हात दुखायचा. त्या तेल लावायच्या आणि डॉक्टर वर्तमानपत्रात तोंड घालायचे. एकमेकांना जपण्याच्या नादात ही दोघं किती खोटं बोलली, त्याला सुमार नाही.

आपल्याच गाडीला ही खोड आहे, असं ललिताबाईंना बरेच दिवस वाटत होतं. मग दादरला आनंदीबाईंकडे हळदीकुंकू झालं. आनंदीबाईंचे यजमान गंगाधरपंत सामंत, वकील, त्यांचीही भारद्वाज. ललिताबाई जाता जाता सहज गाडीजवळ थांबल्या, तर डाव्या दाराला नवऱ्याच्या जुन्या धोतराची सुबक वेणी घालून बांधलेली. तेवढ्यात मागून सुंदराबाई आल्या. त्यांचे यजमान राजाराम गायकवाड. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेले, आता परळला स्वतःचा छापखाना चालवणारे, आणि छापलेले कागद पोचवायला भारद्वाज ठेवणारे. सुंदराबाईंनी ती वेणी बघितली, ललिताबाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं बाई! तुमचंपण?"

"तुमचं?"

"आमचं तर सुतळीने बांधलंय. आमचे हे म्हणतात, मराठी माणसाची गाडी आहे, कुठे बोलायचं नाही. दार उघडलं तरी तोंड उघडायचं नाही!"

तिघी त्या गल्लीत उभ्या राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हसून झाल्यावर आनंदीबाई म्हणाल्या, "पण तुमच्या भावाला कसं कळत नाही हो? स्वतः चालवतात ना?"

ललिताबाईंचं हसू तिथेच थांबलं. बाबुरावांची बायको, अंबिका, पहिली गाडी निघायच्या आधीच तापाने गेली होती. बाबुरावांनी पुन्हा लग्न केलं नाही. त्यांच्या गाडीत डाव्या बाजूला कुणी बसतच नसे. आणि दाराची खोड अशी की शेजारी माणूस बसलं, पत्र्यावर भार आला आणि गाडी उजवीकडे वळली, तरच कडी सुटायची. रिकाम्या जागेचं दार कशाला उघडेल?

तर असं सगळं सुखाने चाललं असताना फोर्टातून निघणाऱ्या मोटारींच्या एका इंग्रजी मासिकाने बाजारातल्या गाड्यांना गुणवत्तेचे मार्क दिले. भारद्वाजचा नंबर शेवटचा. बांधणीला दहापैकी तीन. का तीन, ते सांगायचे कष्ट त्या साहेबांनी घेतले नव्हते.

झालं! मालकमंडळी पेटून उठली. एरवी गंगाधरपंतांची गाडी आठवड्यातून एकदा रस्त्यात बसायची आणि राजारामांची परळच्या पुलावर धक्का मारल्याशिवाय चढायची नाही, पण आता तिच्याविरुद्ध कुणी ब्र काढायची सोय उरली नाही. हा मराठी माणसाला खाली खेचायचा डाव आहे, असं ठरलं. येत्या रविवारी गिरगावातल्या एका कार्यालयात सगळ्या मालकांनी जमायचं, आपल्या गाडीला आपण मार्क द्यायचे आणि ते मराठी वर्तमानपत्रात छापून आणायचे. एका दैनिकाचे प्रधान नावाचे वार्ताहर यायलाही कबूल झाले.

एकटे बाबुराव तेवढे विचारत फिरत होते, "ते द्वेषबिष असेल, पण तीनच का? काहीतरी दिसलं असेल ना त्यांना?" जो तो त्यांच्या पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "बाबुराव, तुमची गाडी सोनं आहे."

ललिताबाईंनी हे सगळं नेहमीसारखं हसून सोडून दिलं असतं. पण शेडमध्ये नव्या खेपेच्या गाड्या तयार होत्या, आणि त्यातली पहिली बाबुरावांनी भाचीला द्यायची ठरवली होती. राधा. ललिताबाईंची एकुलती एक. दादरला दिली होती आणि तिला सातवा महिना लागला होता. डोहाळजेवणाला मामाकडून गाडी! सासरचे हरखून गेले होते. ललिताबाईंची मात्र झोप उडाली. स्वतःचा हात दुखतो ते ठीक आहे. पण अवघडलेली पोर दार काय धरणार, आणि उद्या मांडीवर मूल घेऊन कुठल्या हाताने धरणार?

"अहो, राधेला गाडी नको म्हणू या का?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"दादांना काय सांगणार?"

ललिताबाईंनी त्यांच्या वाटीत आणखी आमटी वाढली.

शेवटी शनिवारी त्या एकट्याच माझगावला गेल्या. दादाला बाजूला घ्यायचं आणि सांगून टाकायचं, असं ठरवूनच निघाल्या होत्या. पण शेडच्या दारात पाऊल ठेवलं आणि त्यांचा निम्मा धीर तिथेच गळाला. नव्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. लहान मुलांना आंघोळ घालून, पावडर लावून बसवावं तशा. ताज्या रंगाचा वास भरून राहिला होता. बाबुराव शर्टाच्या बाह्या दुमडून एका गाडीचा पत्रा फडक्याने पुसत होते. अंबिकावहिनी गेल्यापासून हा माणूस इतका आनंदात ललिताबाईंनी बघितला नव्हता.

"ये, लली! ही राधेची," ते म्हणाले. "सीटला जास्त कापूस भरलाय. तिला धक्के बसायला नकोत."

ललिताबाईंनी सीटवरून हात फिरवला. खरंच मऊ होती.

बाबुरावांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि एकदम गंभीर होऊन विचारलं, "लली, तू रोज बसतेस. हे लोक मला खरं सांगत नाहीत असं वाटतं. तूच सांग. काही उणं आहे का गाडीत?"

आता याहून सरळ प्रश्न दुसरा कुठला असतो? देवाने पुढ्यात ताट वाढून ठेवावं तसा तो प्रश्न होता. ललिताबाईंनी तोंड उघडलं. दादाचे डोळे बघितले. लहानपणी पतंग करून आणायचा आणि कसा आहे म्हणून विचारायचा, तेच डोळे.

"काही नाही, दादा," त्या म्हणाल्या. "छान आहे."

परतताना ट्रामच्या खिडकीशी बसून त्यांनी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

रविवारी कार्यालय फुलून गेलं. पुढे मालक, मागे त्यांच्या बायका. राधासुद्धा आली होती, मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसली होती. बाहेर रस्त्यावर भारद्वाज गाड्यांची रांग, आणि सगळ्यांत पुढे राधेची नवी गाडी, झेंडूच्या माळा घातलेली. प्रधान वार्ताहर बायकोला आणि छोट्या मुलीला घेऊनच आले होते. मग मार्कांना सुरुवात झाली. कुणीतरी एकेका भागाचं नाव घ्यायचं आणि मालकांनी उभं राहून मार्क सांगायचे.

इंजिनाला गंगाधरपंतांनी दहा दिले. राजाराम गायकवाड म्हणाले, "नऊ. पुलावर धक्का मारावा लागतो, पण तेवढाच व्यायाम होतो. आणि शकुनबिकुन आम्ही मानत नाही बरं का, पण ही गाडी घेतल्यापासून छापखाना चांगला चाललाय!" लोक खदखदून हसले. रंगाला दहा, बैठकीला दहा. वर्गातल्या सगळ्या मुलांना पहिला नंबर द्यायचं मास्तरांनी ठरवावं, तसं चाललं होतं. बाबुराव पुढच्या खुर्चीवर अवघडून बसले होते, आणि प्रत्येक आकड्याला त्यांचं तोंड उजळायच्या ऐवजी जरा जास्तच विचारात पडत होतं.

"दारं!"

मागच्या बायकांमध्ये बांगड्या वाजल्या. ललिताबाईंनी पुढे बघितलं. गंगाधरपंत, "दहा." राजाराम, "दहा." मग डॉक्टर उभे राहिले. त्यांनी मान वळवली नाही. घसा साफ केला. "दहा," ते म्हणाले आणि पटकन बसले.

ललिताबाईंना राग आला. नवऱ्याचा आला, दादाचा आला आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. रोज तेल लावते ना मी या हाताला, त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. पण एवढ्या माणसांत भावाची अब्रू काढायची कशी?

कार्यक्रम संपता संपता बाबुराव उठले. प्रधानांच्या बायकोला, कांताबाईंना, ते म्हणाले, "वहिनी, छापायच्या आधी एक फेरी मारून बघा. या, मी नेतो. मुलीला घ्या मांडीवर."

कांताबाई खुशीत उठल्या. मुलगी टाळ्या पिटत उठली. मागच्या रांगेतल्या सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या, आणि त्या गप्प बसण्यात ललिताबाई उभ्या राहिल्या.

"दादा, आधी मला ने."

लोक हसले. "बहिणीचा मान पहिला!" गंगाधरपंत म्हणाले. बाबुरावही हसले. "अगं, तू रोज बसतेस की."

"तुझ्या शेजारी कुठे बसलेय?"

ते खरंच होतं. बाबुरावांनी दार उघडून धरलं. ललिताबाई बसल्या. नव्या गाडीला पट्टा नव्हता, वेणी नव्हती, सुतळी नव्हती. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि एकमेकांत गुंफले.

गाडी हलली तेव्हा सगळे रस्त्यावर आले होते. सुंदराबाई पुढेच उभ्या होत्या. त्यांना काचेतून ते गुंफलेले हात दिसले.

"ओ वहिनी!" त्या ओरडल्या. "दार धरा ना!"

मग आनंदीबाई ओरडल्या. मग आणखी कुणी, मग सगळ्याच. लाजऱ्याबुजऱ्या, नवऱ्यामागे चार पावलं चालणाऱ्या त्या बायका भर गिरगावात गळा काढून ओरडत होत्या, "ललिताबाई, दार धरा! अहो, दार धरा!" आणि त्यांच्यातून डॉक्टर वागळे वाट काढत बाहेर आले आणि गाडीमागे धावू लागले. रोग्याला झटका आला तरी पायऱ्या एकेक करून चढणारा तो माणूस चपला टाकून धावत होता.

"काय धर म्हणतायत?" बाबुरावांनी विचारलं.

"काही नाही. तू नाक्यावर उजवीकडे वळव."

"लली..."

"वळव, दादा."

बाबुरावांनी चाक फिरवलं. कडी खट्कन सुटली, दार पंख पसरावा तसं सताड उघडलं आणि ललिताबाई रस्त्याकडे कलंडल्या. खालचं डांबर त्यांना जवळून दिसलं. त्यांनी हात सोडवले नाहीत. दुसऱ्या क्षणी दंडाला जोराचा हिसका बसला. बाबुरावांनी एका हाताने त्यांना धरलं होतं आणि गाडी ट्रामच्या रुळांवर तिरकी उभी होती. मागून येणारा ट्रामवाला घंटा बडवत शिव्या देत होता.

बाबुरावांनी दंड सोडला नाही. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"सगळ्याच गाड्यांना?"

"सगळ्याच."

तोपर्यंत डॉक्टर येऊन पोचले. धाप लागली होती, बोलता येत नव्हतं. त्यांनी आधी बायकोचं डोकं, खांदा, हात चाचपून बघितले. "लागलं का गं?" एवढंच कसंबसं म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात रस्त्यात चारचौघांदेखत त्यांनी बायकोचा हात कधी धरला नव्हता. आज धरला तो सोडायचं विसरले.

"रघुवीरराव, तुम्हालाही ठाऊक होतं?" बाबुरावांनी विचारलं.

डॉक्टरांनी मान खाली घातली.

बाबुराव त्या उघड्या दाराकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "अंबिका असती तर पहिल्याच दिवशी कडाकडा भांडली असती माझ्याशी." आणि त्यांनी बाहीने डोळे पुसले. ललिताबाईंना रडू फुटलं. वहिनी गेली तेव्हासुद्धा दादा सगळ्यांसमोर रडला नव्हता.

कार्यालयापर्यंत तिघं चालत आली. गाडी चारपाच जणांनी ढकलत आणली. बाबुराव आत जाऊन सगळ्यांसमोर उभे राहिले. पुढच्या रांगेतले मालक आपापल्या टोप्या नीट करत होते.

"दाराचे मार्क पुन्हा घ्यायचे," बाबुराव म्हणाले. "डावीकडे बसणाऱ्यांनी सांगायचे. आनंदीबाई, तुम्ही सांगा."

आनंदीबाईंनी पदर सारखा केला. नवऱ्याकडे बघितलं, बाबुरावांच्या लाल डोळ्यांकडे बघितलं. त्यांना गलबलून आलं असावं.

"दहा," त्या पुटपुटल्या.

"सुंदराबाई?"

सगळ्यांत मोठ्याने ओरडलेल्या सुंदराबाई. "दहाच द्या," त्या म्हणाल्या. "आपली गाडी आहे."

मग पुढची दहा म्हणाली, तिच्या पुढचीही दहा. कांताबाई प्रधान तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या. बाबुराव प्रत्येकीचं ऐकून मान हलवत होते. शेवटी ते ललिताबाईंकडे वळले.

"लली?"

ललिताबाईंनी मागे बघितलं. राधा भिंत सोडून उभी राहिली होती, दोन्ही हात पोटावर. त्यांनी पुन्हा भावाकडे बघितलं. या एका शब्दाने बाहेर उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांचं काय होईल ते त्यांना समजत होतं. शेडचं काय होईल तेही समजत होतं.

"शून्य," त्या म्हणाल्या.

बाबुराव दोन पावलं पुढे आले. बहिणीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, आणि तो तसाच ठेवून प्रधानांकडे वळून, सगळ्या मालकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"ही माझी सख्खी बहीण. हिचे मार्क छापा."